सख्खे मागे, चुलत पुढे: मदतीत रक्ताचं नातं नेमकं कुठे कामाला येतं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचा चुलतभाऊ डोंबिवलीला राहतो, चाळिशीतला आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. दोन सख्खे भाऊ आहेत. किडनीचा विषय निघाला की एक म्हणतो घरी विचारून सांगतो, दुसरा फोनच उचलत नाही. डायलिसिसची ने-आण शेजारचे करतात, पैशाची तोंडमिळवणी मित्रांनी आणि लालबागच्या जुन्या चाळीतल्या मंडळाने केली. विचारणाऱ्याला स्वतःची किडनी द्यायची आहे आणि घरचे त्याला वेड्यात काढतायत. नातं जितकं जवळचं तितकी मदत जास्त, असं विज्ञान सांगतं हे त्याने वाचलं होतं. मग विज्ञान चुकतंय की आमचं घराणंच तसं आहे, असं त्याने विचारलंय.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. निधीचे अर्ज भरून घेणं, कागदपत्रं जुळवणं आणि प्रत्यारोपणाआधी घरातल्या प्रत्येकाशी, एकत्र आणि एकेकट्याने, बोलणं हे माझं रोजचं काम. खाली जी माणसं येतील त्यांचे तपशील मी बदललेत, दोन-तीन घरं एकात मिसळलीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. मदत स्वस्तातली असते तोवर रक्ताच्या नात्याने फारसा फरक पडत नाही. ती महाग व्हायला लागली की फरक पडायला लागतो, आणि बराच पडतो. पण घरातल्या नेमक्या कुणाकडून ती महाग मदत घेतली जाते, हे रक्तावर थोडंच आणि ‘नाही’ म्हणायची सोय कुणाला आहे यावर जास्त ठरतं. तुमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत, म्हणून चित्र उलटं दिसतंय.

विज्ञानाचा भाग उरकून घेऊ. १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने दोन लेखांत एक साधी अट मांडली: मदतीने दुसऱ्याचा होणारा फायदा गुणिले नात्याची जवळीक हे मदत करणाऱ्याच्या नुकसानापेक्षा जास्त भरत असेल, तर तशी मदत करायला लावणारं जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहतं. जवळीक म्हणजे सामाईक वंशजातून आलेली जनुकं सारखी असण्याचं प्रमाण. आई-वडील आणि मूल १/२, सख्खी भावंडं सरासरी १/२, आजी-आजोबा, काका, मामा, मावशी, आत्या १/४, चुलत-मावस-आते-मामे भावंडं १/८. प्राण्यांत हे छान दिसतं. कॅलिफोर्नियातल्या बिळात राहणाऱ्या खारींवर पॉल शर्मन यांनी १९७७ साली काम प्रसिद्ध केलं. शिकारी दिसला की ओरडून इतरांना सावध करायचं, म्हणजे त्याचं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायचं. हा धोका पत्करण्यात माद्या पुढे होत्या, त्यातही ज्यांच्या लेकी-बहिणी आसपास राहत होत्या त्या. नर वयात आले की दुसरीकडे जातात; तिथे नांदायला मुलगे जातात म्हणायला हरकत नाही. त्यांच्याभोवती रक्ताचं फारसं कुणी नसतं, आणि ते गप्प राहतात.

माणसाच्या बाबतीत हे सूत्र वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. लोकांना वाटतं, माणूस मदत करताना मनात असा गुणाकार करतो. तसलं काही नाही. हॅमिल्टनच्या आधी, १९५५ साली, जे. बी. एस. हाल्डेन यांनी एका लेखात बुडत्या मुलासाठी उडी मारण्याचं उदाहरण घेऊन हाच हिशोब मांडला होता. आणि तिथेच सांगून टाकलं होतं की आपण स्वतः दोनदा बुडणाऱ्या माणसांना बाहेर काढलं तेव्हा असा हिशोब करायला वेळ कुठे होता! (हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ला भुवनेश्वरमध्ये वारले. हॅमिल्टनचे लेखही त्याच वर्षीचे.)

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा छातीएवढ्या पाण्यात साखळी करून कोण कुणाला ओढत होतं? ११ जुलै २००६ला लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हा रुळालगतच्या वस्त्यांमधली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि जखमींना त्यात घालून उचललं. नातं शून्य, ओळख शून्य. पण एका संध्याकाळची उडी वेगळी आणि वर्षभर, आठवड्यातून तीनदा, पहाटे उठून कुणालातरी डायलिसिसला सोडणं वेगळं. नात्याचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या मदतीत येतो.

आता वॉर्डातलं सांगते, कारण मदतीची चढती किंमत तिथे एकाच रुग्णाभोवती बघायला मिळते.

सगळ्यात स्वस्त, रक्त. ऑपरेशन ठरलं की घरच्यांकडे बदली रक्तदाते मागितले जातात. येतात कोण? दहीहंडी पथकातली पोरं, ऑफिसातले सहकारी, गणेशोत्सव मंडळाचा एखादा कार्यकर्ता, ज्याला रुग्णाचं पूर्ण नावही सांगता येत नाही. फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात तो ‘मित्राचे वडील’ लिहितो, ३५० मिलिलिटर देतो, चहा-बिस्कीट घेतो आणि कामाला जातो. सख्ख्या भावाला त्याच दिवशी नेमकी शुगर निघते. प्लेटलेट लागल्या तर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो आणि बाराच्या आत कुणीतरी अनोळखी मुलगा ठाण्याहून बाइक काढून येतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याचं नवल राहिलेलं नाही, कौतुक मात्र आहे.

मग पैसे. इथे चित्र मिसळायला लागतं. मित्र देतात, चाळकरी देतात, गावाकडच्या मंडळाची मुंबई शाखा देते, कुणी आपली भिशी उचलून देतं. पण ही रक्कम कुठेतरी वहीत लिहिलेली असते. वाईट अर्थाने म्हणत नाही मी. पुढच्या वर्षी देणाऱ्याच्या घरी लग्न निघालं की घेणाऱ्याने जायचं, काहीतरी करायचं, हे दोघांना न बोलता ठाऊक असतं. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली परस्पर मदतीवर लिहिलं ते हेच: आज मी, उद्या तू. यात रक्ताचं नातं लागत नाही, पुन्हा भेट होण्याची खात्री लागते. चाळीत ती होती, सोसायटीच्या मंडळात अजून आहे.

रक्ताच्या नात्यात ही वही बरीच उशिरा उघडते. परळ-लालबागच्या चाळींत १९८२च्या गिरणी संपाच्या आठवणी अजून निघतात. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि महिने उलटत गेले तसं शेजाऱ्यांकडून मिळणारं उसनं आटलं, कारण शेजारीही गिरणीतलाच. तेव्हा ज्यांचा भाऊ गावी जमीन कसत होता ती कुटुंबं बिऱ्हाड उचलून गावी गेली. मुंबईहून वर्षानुवर्षं मनीऑर्डर गेलेली होती हे खरं, पण किती गेली आणि किती दाणे परत आले याचा ताळा बहुतेक घरांत कुणी मांडला नाही. (जमिनीच्या वाटणीच्या वेळी काही घरांत मांडला, आणि मग कोर्टात गेले. रक्ताचा हिशोब उशिरा निघतो, पण निघाला की वाईट निघतो.)

अभ्यासांतही हेच सापडतं. स्टीव्ह स्ट्युअर्ट-विल्यम्स यांनी २००७ साली लोकांना विचारलं की तुम्ही भावंडांना, चुलत-मावस भावंडांना, मित्रांना कशी कशी मदत करता. मन मोकळं करायला खांदा देणं अशा स्वस्त मदतीत मित्र भावंडांच्याही पुढे. मधल्या किमतीच्या मदतीत दोघे बरोबरीत. जीव धोक्यात घालण्यासारख्या महाग मदतीत भावंडं पुढे, मित्र मागे. त्याच वर्षीचा एक ब्रिटिश प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात बोलाची कढी नव्हती. विद्यार्थ्यांना भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं राहायला सांगितलं. जितका वेळ टिकाल तितके पैसे, पण ते कधी स्वतःला, कधी ठरलेल्या एका नातेवाइकाला मिळणार. मांड्या पेटायला लागतात हो त्यात, करून बघा. स्वतःसाठी मुलं सर्वांत जास्त वेळ टिकली, आई-वडील-भावंडांसाठी त्याखालोखाल, आणि लांबच्या नात्यासाठी लवकर उठली. ऑलिव्हर करी, सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी २०१३ साली आणखी एक गोष्ट दाखवली: मित्र आणि नातेवाईक मनाने सारखेच जवळचे असले, तरी मदतीची तयारी नातेवाइकासाठी काकणभर जास्त असते. म्हणजे प्रेमाचा भाग वजा केला तरी नात्याचा म्हणून काही भाग उरतो.

पैशानंतर रात्री. वॉर्डात पहिल्या आठवड्यात रुग्णाभोवती इतकी गर्दी असते की सिस्टर ओरडते. डबे येतात, शहाळी येतात. तिसऱ्या आठवड्यात बेडखाली चटई टाकून झोपणारं एकच माणूस उरतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर मुक्काम करणारी कुटुंबं ज्यांनी पाहिली असतील त्यांना कळेल मी काय म्हणते ते: तिथे मित्र नसतात. आई असते, बायको असते, भाऊ असतो.

आणि शेवटी किडनी. इथे आकडे माहीत असलेले बरे, कारण भीती आकड्यांपेक्षा खूप मोठी असते. २०१०च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात किडनी दिल्यानंतर ९० दिवसांत मृत्यू होण्याचं प्रमाण १०,००० दात्यांत सुमारे ३ होतं. पुढच्या आयुष्यात दात्याचीच किडनी निकामी होण्याचा धोका, २०१४च्या अभ्यासानुसार, १०,०००त अंदाजे ९०. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसांत १४. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण १०० दात्यांत ९९ जणांवर ती वेळ येत नाही.

एवढी महाग मदत कोण करायला तयार होतं? बोस्टनला २३ डिसेंबर १९५४ला जी पहिली यशस्वी किडनी बसवली ती रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाने, रोनाल्डने दिलेली. दोघे एकसारखे जुळे, म्हणजे नात्याची जवळीक पूर्ण १. तेव्हा दुसरा इलाजही नव्हता, परकी किडनी शरीर टिकू देत नव्हतं. आता औषधं सुधारली आहेत आणि हे कारण उरलेलं नाही. १९९५ सालीच अमेरिकेतल्या आकडेवारीत नवरा किंवा बायकोने दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनी चालू होत्या, आई-वडिलांनी दिलेल्यांपैकी ८२ टक्के. रक्ताचं नातं नसलं तरी किडनी चालते. त्यामुळे आज कोण देतं हा प्रश्न बराचसा घरातला आहे.

निर्णय कसा होतो ते बघण्यासारखं असतं. डॉक्टरांनी कुटुंबाला बोलावून डोनर लागेल असं म्हटलं की आई वाक्य पुरं होऊ देत नाही. ‘माझी घ्या.’ तिला बीपी आहे, वय बसत नाही, काही ऐकत नाही. १९७० साली फेल्नर आणि मार्शल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी दात्यांशी बोलून लिहिलं की बहुतेकांनी निर्णय फोनवर, ऐकल्या क्षणी घेतलेला होता. धोके समजावून सांगणं वगैरे सगळं नंतर. मला यात काही नवीन वाटलं नाही. जो ‘विचार करून सांगतो’ म्हणतो, त्यातले बरेच पुढे येत नाहीत, आणि त्यात दरवेळी वाईटपणा असतो असंही नाही.

भांडुपच्या एका घराचं सांगते. धाकटा भाऊ तयार होता, रक्तगट जुळत होता. तपासण्या निम्म्या झाल्या आणि तो यायचा थांबला. मी त्याच्या बायकोला एकटीला बोलावलं. घरात तोवर तिची खलनायिका झालेली होती, सासू तिच्याशी बोलत नव्हती. ती खुर्चीच्या टोकावर बसली, मांडीवर पर्स, पर्समध्ये मुलीच्या शाळेच्या फीची पावती. तिने ती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘मॅडम, हे कुरिअरचं काम करतात. तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणतात डॉक्टर. दादांना मी नाही म्हणत नाही. पण फी कोण भरेल ते कुणी सांगतच नाही मला.’ हॅमिल्टनचं सूत्र घेऊन बसलात तर ती अगदी बरोबर आहे. तिच्या नवऱ्याचं आणि त्याच्या भावाचं नातं १/२. तिचं आणि दिराचं शून्य. तिच्या मुलीचं आणि काकाचं १/४, पण बापाशी १/२. किंमत तिच्या घरातून जाणार, फायदा दुसऱ्या घरात. एकाच पंगतीत बसणाऱ्या माणसांची जवळीक वेगवेगळी असते, म्हणून ‘आमच्या घराने ठरवलं’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. त्या घरात पुढे मोठ्या भावाच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून फीचं आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाचं बघितलं, आणि धाकटा परत आला. म्हणजे महाग मदत रक्ताने केली, पण ती करता यावी म्हणून मधली मदत मित्रांनी. तुमच्या डोंबिवलीच्या चुलतभावाच्या सख्ख्या भावांपैकी जो ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतोय, त्याच्या घरी जाऊन कुणी विचारलंय का, नेमकी अडचण काय ते?

आता ज्याचं मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. भारतात १९९५ ते २०२१ या काळात नोंदल्या गेलेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झाली आणि ६,९४५ स्त्रियांवर. जिवंत दात्यांमध्ये मात्र बायका बहुसंख्य. आई, बायको, बहीण. नात्याच्या सूत्राने यातलं काय उलगडतं?

आई-वडील मुलांना देतात आणि मुलं आई-वडिलांना तितकी देत नाहीत, हे उलगडतं. जवळीक दोन्ही बाजूंनी १/२च, पण मुलाच्या पुढे अजून सगळं आयुष्य आहे, त्याची मुलं व्हायची आहेत. फायदा तिकडे मोठा. इथवर जीवशास्त्राशी माझं भांडण नाही. बायको नवऱ्याला देते हेही काही अंशी बसतं, कारण त्यांचं रक्त एक नसलं तरी मुलं एक आहेत आणि बहुतेकदा त्याच्या पगारावर घर चाललेलं असतं. पण मग नवऱ्याने बायकोला दिलेल्या किडन्या इतक्या थोड्या का? मुलं तीच आहेत, जवळीक तितकीच, दोन्ही बाजूंनी शून्य. आई मुलाला देते, मुलीच्या वेळी घर ‘बघू, डायलिसिसवर चाललंय तोवर’ म्हणतं. मुलगा आणि मुलगी दोघांशी नातं १/२च. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या असताना माप एकाच पारड्यात पडत असेल, तर पारडं झुकवणारं काहीतरी समीकरणाबाहेर आहे. घरात बसून ऐकलं की ते कळतं. ‘तो कमावता आहे’, ‘तिला काय, ती घरीच असते’. घरीच असते म्हणजे पहाटे पाचला पाणी भरते, दोन ठिकाणी पोळ्या करते आणि तिची सुट्टी कुणी धरत नाही, म्हणून तिच्या तीन महिन्यांची किंमत शून्य लागते. काही वेळा आजार, रक्तगट अशी खरी वैद्यकीय कारणं असतात. पण सगळ्याच नवऱ्यांना एकाच वेळी बीपी नसतं.

म्हणून आम्ही दात्याशी एकटं बोलतो, दार लावून. तिला नको असेल तर घरच्यांना एवढंच कळतं की तपासणीत त्या दाता म्हणून बसत नाहीत. पुढचं घरात कुणी विचारू शकत नाही. एकदा एक बाई हे ऐकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘असंही सांगता येतं?’ त्यांनी शेवटी किडनी दिलीच, नवऱ्यालाच. पण त्यानंतर ऑपरेशनची तारीख त्यांनी स्वतः सांगितली, मुलाची परीक्षा झाल्यावरची.

राहिला तुमचा प्रश्न: १/८चं नातं, आणि तुम्ही सख्ख्यांच्या पुढे. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय की लालबागच्या खोलीत दोन्ही कुटुंबं एकत्र राहायची, तुम्ही आणि तो एका गोधडीत झोपायचात, आणि त्याचे सख्खे भाऊ वयाने बरेच मोठे, शिक्षणासाठी गावी आजीकडे होते. माणसाला जनुकं दिसत नाहीत. आपला कोण हे मेंदू काही खुणांवरून ठरवतो. डेब्रा लिबरमन, जॉन टूबी आणि लेडा कॉस्मिडीस यांनी २००७ साली भावंडांच्या बाबतीत दोन खुणा दाखवल्या. मोठ्या भावंडासाठी, आपल्या आईच्या कुशीत हे तान्हं पाहिलेलं असणं. धाकट्यासाठी, लहानपणी किती वर्षं एका घरात काढली ते. या खुणा जितक्या पक्क्या तितकी त्या भावंडासाठी करायची तयारी जास्त, आणि त्याच्याशी लग्नाच्या नुसत्या कल्पनेची किळसही जास्त. इस्रायलमधल्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वस्तीत, एकाच पाळणाघरात वाढलेली, रक्ताने परकी मुलं मोठी होऊन एकमेकांशी लग्न क्वचितच करत, त्याचंही कारण हेच मानलं जातं. दहा बाय बाराच्या खोलीत दोन काकांची मुलं एकत्र वाढली तर मेंदू त्यांना सख्खी धरून चालतो. उलट एकाच आईची मुलं दोन गावांत वाढली तर रेशनकार्डावर ती सख्खी असतात, आतून तितकी नसतात. तुमचे चुलतभाऊ दुष्ट असतीलच असं मला यावरून म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे आपला कायदाही या दोन्ही मापांनी मोजतो. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं आली. चुलतभाऊ त्यात नाही, म्हणून तुमचं प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाईल. समितीचं पहिलं काम पैशाचा व्यवहार नाही ना हे बघणं. त्यासाठी तुमचं आणि त्याचं मागच्या तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न विचारतील, मध्ये कुणी दलाल नाही ना हे बघतील. आणि नातं खरं आहे हे दाखवायला एकत्र राहिल्याचे पुरावे, दोघांचे जुने फोटो मागतील. चाळीतल्या गणपतीतले, मुंजीतले, सत्यनारायणातले, जे असतील ते काढून ठेवा. मोबाइलमधले गेल्या वर्षीचे चालत नाहीत असं नाही, पण जुन्यांना वजन असतं.

आणखी एक. समिती तुमच्या घरच्यांशीही बोलते, आणि त्यांचा विरोध असेल तर तो नोंदवून घेते. त्यामुळे बायकोला न सांगता तपासण्या सुरू करणं उपयोगाचं नाही, आणि बरोबरही नाही. तिला वेड्यात काढू नका. तिच्या बाजूने हिशोब मांडून बघा: तुमची रजा, घराचा हप्ता, मुलांचं वय, तुम्हाला पुढे काही झालं तर कोण. मंडळाने आणि मित्रांनी रुग्णासाठी पैसे उभे केलेच आहेत; तुमच्या बिनपगारी महिन्यांसाठी उभे करतील का, हे आधी स्पष्ट विचारा. लोक याला नाही म्हणत नाहीत, त्यांना ते सुचलेलं नसतं एवढंच.

तुमच्या चुलतभावाला बहीण आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर सख्ख्या भावांनंतर घरातल्यांचं बोट तुमच्याआधी तिच्याकडे वळेल, आणि ‘तुझ्या भावाचा प्रश्न आहे’ असं म्हटल्यावर तिला बोलायला जागा उरणार नाही. तिला रुग्णालयात एकटीला भेटू द्या, सासरच्या किंवा माहेरच्या कुणालाही बरोबर न पाठवता.

रक्तगट जुळला नाही तर अदलाबदलीचा, म्हणजे दोन कुटुंबांनी एकमेकांच्या रुग्णाला किडनी देण्याचा मार्ग असतो. पण कायद्यातली ती तरतूद जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांसाठी आहे. त्याचा भाऊ किंवा बहीण तयार झाली तर या तरतुदीचा उपयोग होईल, तुम्हाला त्यावर विसंबता येणार नाही. आणि त्याचं नाव मेंदूमृत दात्यांच्या प्रतीक्षायादीत अजून घातलं नसेल, तर तुमचा निर्णय व्हायची वाट बघू नका. मुंबईची यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते, पण नोंद रुग्णाला थेट तिथे जाऊन करता येत नाही. ती प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयातून होते. नुसत्या डायलिसिस सेंटरवर फाइल असून भागत नाही. तेवढं या आठवड्यात करून घ्या.